हमीपत्र, तीन प्रतींत

रास अल खैमात, लाँड्री आणि टायरवाल्याच्या मधे
माझं टायपिंग सेंटर. एसी गळतो, खाली बादली.
व्हिसा, भाडेकरार, हरवलेल्या पासपोर्टचे अर्ज.
पानाला पंधरा दिरहम, अरबी असेल तर वीस.

चारच्या सुमारास इंगवले आले,
निवृत्त सुभेदार, गाव चंदगडकडचं,
कडक इस्त्रीच्या खिशात चष्मा आणि एक रिकामं काडतूस.
क्लबच्या मागे दोन लेन भाड्यानं घेऊन
नेमबाजी शिकवतात. परवाना भागीदार खलफानच्या नावावर,
शिकवणी यांच्या,
आणि चूक झाली तर ती कुणाच्या नावावर
हे ठरवायला कागद हवा होता.

"लिवा बाई," उभ्यानंच म्हणाले,
"मी सांगंपर्यंत बोट चापावर जानार न्हाई.
नळी कायम समोरच्या मातीकडं.
मोकळी हाय म्हनून कुनी शपथ घेतली तरी
भरलेलीच समजायची."
काका, हे नियम झाले, मी म्हटलं.
विमावाल्यांना नियम नकोत, जबाबदारी हवी.

विमा कंपनीच्या शिबूनं नमुना धाडला होता:
शिकणारा स्वतःच्या जोखमीवर आत येत असून
प्रशिक्षक, त्याचे नोकर आणि वारस यांच्यावर
कोणताही दावा...
नोकर एकच, मुलतानचा रफाकत, पुंगळ्या झाडतो.
वारस?
"पोरगी हाय. बेळगावला, दाताची डॉक्टर.
तिला कशाला आनता यात?"
आणत नाही काका, बाहेर काढतेय.
मग बसले. पाणी मागितलं.

अरबी रकान्यात मसऊलिया टाइप करताना
माझं बोट नेहमी जरा अडखळतं.
यांची जबाबदारी सवालातून निघते,
आपली जवाबातून.
शब्द दोन्ही इकडचेच.
कुठल्या तरी गलबतातून जवाब तेवढा आपल्याकडे पोचला,
सवाल इथेच राहिला असावा, खारीच्या काठाला,
अजून विचारतोय.

"रमजानच्या आधीची गोष्ट," ते सांगू लागले,
मी विचारलं नव्हतं.
"बावीस वर्साचा पोरगा. मित्र फोटो काढीत हुता,
तर हा वळला. हसत. हातात भरलेलं पिस्तूल.
मी मनगाट धरून खाली दाबलं.
गोळी जमिनीत गेली, दोन पायांच्या मधनं.
त्येच्या का माझ्या, आता ध्येनात न्हाई.
घरी जाऊन भात लावला, चार माणसांचा लावला.
एकटाच ऱ्हातो मी."
काडतूस टेबलावर ठेवलं. माझ्या माउसच्या शेजारी.
पोराच्या बापाचं पत्र आलं होतं नंतर,
वकिलाच्या कागदावर. पुढे काही झालं नाही.
पण कागद आला, की तो येऊ शकतो हे कळतं.

शिबू म्हणाला होता, मॅडम, त्यांना समजावून सांगा,
हे हमीपत्र म्हणजे छत्री.
उन्हात चालते. वाळूच्या वादळात
नुसती काडी उरते हातात. म्हणून विमा.
आणि कबुली कुठेही नको,
कबुली दिसली की आम्ही हात वर करणार.

"शेवटाला एक वळ घाला," इंगवले म्हणाले.
"चूक माझी असंल, तर मला सोडू नये."

मी ती टाइप केली. मराठीत, मोठ्या अक्षरांत.
त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली,
सोडूचा ऱ्हस्व उकार दुरुस्त करायला लावला.
मग त्यांच्यादेखत मी ती पुसली,
एकेक अक्षर, मागून पुढे.
ते पडद्याकडे बघत राहिले.

तीन पानं, साठ दिरहम. सुटे मोजून दिले.
प्रती टाचायला मी स्टेपलर पुढे केला.
त्यांनी तो घेतला, तोंड भिंतीकडे केलं,
उघडला, आत पाहिलं, बोटानं चाचपलं, पुन्हा पाहिलं,
आणि मूठ माझ्याकडे करून परत दिला.
"मोकळा हाय."

मी तरी भिंतीकडेच तोंड ठेवून पिना भरल्या.