एक पेला

ओर्हेईच्या इस्पितळात
डॉक्टर पोरीनं विचारलं, रोज किती घेता?
निकानोर म्हणाला, एक पेला.
खोटं नव्हतं ते.
चाळीस वर्षं तो पेला मीच घासतेय,
अर्ध्या लिटरचा, काठाला टवका उडालेला.
रिकामा तो फक्त माझ्याच हातात असायचा.

आमच्याकडे दारू म्हणजे ती दुसरी,
दुकानातली.
तळघरातली वाइन घरची,
ती मोजतं का कुणी?
फाटकाशी आलेल्याला द्यायची,
कबर खणून आलेल्याला द्यायची.
नको म्हणणारा आजारी तरी असतो
नाहीतर रुसलेला.
निकानोर कधी रुसला नाही.

मार्चमध्ये त्याचा पट्टा पुरेना.
मी म्हटलं, सुटलास.
डोळ्यांतलं पांढरं पिवळं झालं
तेव्हा खिडकीच्या उजेडाला बोल लावला.

मग त्यांनी पोटात सुई घातली.
जन्मभर पाण्याला तोंड लावलं नाही ज्यानं,
पाणी बदकांसाठी असतं म्हणायचा,
त्याच्या पोटातून पाणीच निघालं,
नळीतून संथ, काचेच्या बरणीत,
वाळल्या गवताच्या रंगाचं.
त्यानं मान वळवून बरणी उजेडात पाहिली,
सवयीनं,
आणि म्हणाला, नितळ आहे.
फेतेस्का असावी. अजून कोवळी आहे.

नर्स हसली. डॉक्टर हसली नाही.
पाच लिटर, तिनं कागदावर लिहिलं.
दहा पेले, मी मनात.
मग त्याच कागदाच्या कोपऱ्यात तिनं
त्याचं यकृत काढून दाखवलं,
जुन्या वेलीच्या बुंध्यासारखं, गाठीच गाठी.
निकानोर म्हणाला, छाटणी चुकली.

आता रात्री तो मला बहिणीच्या नावानं हाक मारतो,
अनीसिया, दिवा लाव.
अनीसियाला जाऊन बारा वर्षं झाली.
पण तळघरातल्या पिंपांची सालं विचारा,
एक चुकायचा नाही.

ऑक्टोबर आला. द्राक्षं काय, थांबतात थोडीच.
पांतेलेइ आणि दोघे जावई खाली उतरले.
रीतीप्रमाणे एकच पेला सगळ्यांत फिरला.
त्याच्यापाशी आला.
त्यानं वास घेतला, बराच वेळ,
हात थरथरला, दोन थेंब मातीवर पडले,
आणि पेला पुढे दिला, माझ्याकडे.

सगळे जमिनीकडे बघत राहिले.
मी प्याले. पूर्ण.
मला कुणी कधी विचारलंच नव्हतं,
रोज किती.