झाकणावरचा शब्द

स्पॉल्डिंगच्या कारखान्यात रात्रपाळीला
माझं काम एवढंच:
डबा येतो, झाकण येतं, झाकणावर शब्द येतो.
शब्द वाकडा बसला
तर मी डबा बाजूला काढते.

नऊ अक्षरी शब्द.
मधे दोन सी एकीला एक खेटून,
त्यातली एक मुकी.
सक्युलंट.
पहिले सहा महिने मी तो वाचलाच नाही,
सरळ आहे का तेवढं पाहिलं.

मग निहार शाळेतून यादी घेऊन आला.
पाच शब्द, पाच वाक्यं, शुक्रवारपर्यंत.
आई, ह्याचा अर्थ काय?
म्हटलं, अरे, रोज नऊ हजार वेळा बघते मी ह्याला,
थांब, सांगते.
आणि सांगता येईना.

रसाळ, म्हटलं. मग वाटलं, छे.
रसाळ फणस असतो. रसाळ बोलणं असतं.
गडहिंग्लजला वाचनालयात व्याख्यानाला यायचे
ते बेळगावचे मास्तर रसाळ होते.
कोंबडी आमच्याकडे कधीच रसाळ नव्हती.
ती शिजायची, नाहीतर वातड निघायची,
आणि रस तिच्यात नसायचा, वाटीत असायचा,
वेगळा, तांबडा, वर कट आलेला,
दुसऱ्यांदा लाजत मागून घ्यायचा.
इथे तो आतच लागतो ह्यांना.
दात टेकला की बाहेर.

आत कसा राहतो तेही मी पाहिलंय.
पलीकडच्या हॉलमध्ये सुयांची फणी खाली येते,
मिठाचं पाणी टोचते, वर जाते.
किती पाणी, ते डब्याच्या मागे
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.
ती बाजू दनुताकडे.

ब्रेकमध्ये पॉलीनला विचारलं.
पॉलीन इथली, वेलंडच्या काठावर वाढलेली,
वाक्याच्या शेवटी कवळी जिभेने जागेवर बसवणारी.
ती हसली. हा शब्द कोण बोलतं ग?
आम्ही म्हणतो, छान झालंय.
नाहीतर काहीच म्हणत नाही, खातो.
हा झाकणावरच राहतो.

कप खाली ठेवला. मग म्हणाली,
एकदाच ऐकलाय. माझ्या बापाच्या तोंडून.
चाळीस वर्षं बटाट्याचा ट्रक चालवला त्याने,
दोन शब्दांत भागलं तर तिसरा काढायचा नाही.
बोस्टनच्या हॉस्पिटलात होता. पाणी बंद केलेलं.
नर्सची पाठ फिरली तशी मी
डब्यातल्या पीचची एक फोड त्याच्या जिभेवर ठेवली.
बराच वेळ ती तशीच होती तोंडात.
मग डोळे मिटूनच म्हणाला,
सक्युलंट.
कुठून आणला असेल त्याने, सांग बरं?

झाकणावरून, असं माझ्या ओठांवर आलं.
मी गिळलं.
घंटा झाली. आम्ही जाळीच्या टोप्या घातल्या.

त्या रात्री मला प्रत्येक झाकण वाचावं लागलं.
सरळ, सरळ, सरळ,
एक म्हातारा, सरळ,
एक फोड, सरळ.
तीन वाकडे माझ्या हातून निसटले.
सुपरवायझरने नाव लिहून घेतलं.

सहाला घरी आले. निहार झोपलेला.
वही स्वयंपाकघराच्या टेबलावर, उघडी.
चार वाक्यं बाईंनी सांगितल्यासारखी.
पाचवं त्याचं स्वतःचं:
माझ्या आईचे हात सक्युलंट नाहीत.

मी हात बघितले.
थंडगार हॉल, दर तासाला जंतुनाशक,
मोज्याच्या आतली पांढरी भुकटी.
चरकातून दोनदा काढलेलं चिपाड.
वाक्य बरोबर होतं. कर्ता, क्रियापद, सगळं जागेवर.
बाई कदाचित लिहितील,
हा शब्द माणसांना लावत नाहीत.

फक्त एक सी राहिली होती त्याची.
कंपासपेटीतून पेन्सिल घेतली,
दोन अक्षरांच्या फटीत ती कशीबशी कोंबली.
वाकडी बसली.
राहू दिली.