चादरीच्या घडीत

सुई माझीच होती.
हे वाक्य लिहायला अकरा महिने लागले,
म्हणून आधी तेच लिहून टाकते.

धंतोली. मे महिना. रात्रीचे पावणेतीन.
कूलर नुसता दमट वारा ओकत होता
आणि सात नंबरच्या पेशंटला झटके सुरू झाले.
रक्त काढून झालेलं, सिरिंज हातात.
मला हात दोन, त्याला धरायला चार हवेत.
मी ती ठेवली. जराशी ठेवली,
उशीच्या कडेला, पांढऱ्यावर पांढरी.
डबा ट्रॉलीवर होता, चार पावलांवर.
चार पावलं म्हणजे किती, हे तेव्हापासून मोजत असते मी:
ओट्यापासून फ्रिजपर्यंत,
फाटकापासून पायरीपर्यंत.

पहाटे चादर बदलली.
गाठोडं तळघरात गेलं,
जिथे पंचफुला लांजेवार
लोकांचा घाम, ओकारी, रक्त
वासावरून वेगळं काढते.
हातमोजे होते ना.
पातळ, भांडी घासायचे,
आणि दोन्ही उजव्या हाताचे.

मला कळलं तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी.
तिच्या बोटाला चिंधी, हळदीनं पिवळी.
"टोचलं तं टोचलं जी सिस्टर.
कापूस वेचू वेचू बोटायची चाळणी झाली,
सुईचं काय कवतिक!"

सुई कुठे आहे?
तिनं कमरेच्या पिशवीतून जर्द्याची रिकामी डबी काढली.
झाकण घट्ट. वरून रबर, दोन पदरी.
"कचऱ्यात टाकली असती
तं गाडीवाल्या पोराले टोचली असती नं."

डबीत निळ्या बुडाची सुई,
आणि सिरिंजला चिकटपट्टीचा तुकडा,
त्यावर माझ्या अक्षरात सात.

मी तिच्याकडे पाहिलं.
ती बशीत चहा ओतत होती.
"मले वाचता येते, सिस्टर," ती म्हणाली,
"आठवीपर्यंत शिकली मी."

बहात्तर तासांतले अठ्ठावन्न गेले होते.

लसीच्या रजिस्टरात तिचं नाव नव्हतं.
तिथे आमची नावं होती, तीन-तीन तारखांसकट,
अकाउंटच्या माणसाचंही, ज्याला फक्त स्टेपलर टोचतो.
ती ठेकेदाराची. ठेकेदाराचा फोन बंद.
सात नंबरचा माणूस सही करून
बालाघाटकडे निघून गेलेला, त्याचाही बंद.
मेट्रनच्या खोलीत एसी होता.
तिथे मी पहिल्यांदा बोलले ते वाक्य,
आणि माझा आवाज
दुसऱ्याच कुणाच्या घशातून आल्यासारखा वाटला.

मग ऑटो, मेडिकल, खिडकी, दुसरी खिडकी.
साबणाच्या वाहत्या पाण्यात बोट धरायचं असतं,
दाबायचं नसतं, चोखायचं तर मुळीच नाही,
आणि त्याच घटकेला कुणाला तरी सांगायचं असतं.
हे मी तिला रांगेत उभं राहून शिकवलं,
साठाव्या तासाला.
ती म्हणाली, "सांगाचं तं कोनाले?"

एकसष्टाव्या तासाला पहिली गोळी.
अठ्ठावीस दिवस गोळ्या.
तळघरात वाफ, तोंडाला मळमळ,
आणि रोज शंभरावर चादरी.
एकदा ती मशीनला टेकून बसलेली दिसली,
मी पाणी दिलं.
पाणी घेतलं तिनं. बोलली नाही.
तेही बरोबरच.

सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने.
रिपोर्टात काय आलं ते मी सांगणार नाही.
तो कागद तिचा आहे.

आता तळघरातही पांढरा डबा आहे, भिंतीला ठोकलेला,
जाड हातमोजे आहेत, एक डावा, एक उजवा,
आणि लांब चिमटा.
रजिस्टरात ओळ आहे: लांजेवार पंचफुला, डोस तिसरा.
एवढ्यासाठी एका बोटाची किंमत का पडावी
हे मेट्रनच्या कागदात कुठे लिहिलेलं नाही.

सकाळी ड्यूटी संपवून जिन्यानं उतरते
तेव्हा तिचा आवाज येतो.
गाठोडं सोडायच्या आधी
ती चिमट्यानं त्यावर दोनदा ठोकते,
कुणाच्या घराचं दार वाजवावं तसं,
"हाय का जी कोनी अंदर?"
आणि कान देऊन
थोडा वेळ थांबते.