याद्या

डिसेंबरात ॲबरडीनला साडेतीनलाच दिवे लागतात.
मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर याद्या करायला बसते,
एकटीच.
पहिल्या वेळी याद्यांना सतरा माणसं होती,
जाजमावर, पानसुपारीसकट,
आणि मी आतल्या खोलीत
माझ्याच देण्याघेण्याचे आकडे दाराआडून ऐकत होते.
आता कागद माझा, पेन माझं, वय त्रेपन्न.

वर लिहिते: रारोटोंगा. खाली रेघ.

युअनचा बंदरातून फोन: सनक्रीम लिहिलंस का?
त्याच्या लेखी ऊन म्हणजे तापाची साथ,
जाण्याआधी लस टोचून घ्यावी अशी.

आईला सांगलीत व्हिडिओवर नकाशा दाखवला.
"इथं तर काहीच नाही गं, सगळं निळंच."
मोठं करून दाखवला.
"माशी बसलीय तुझ्या काचेवर."
तेच ते, आई. तिथंच.
मग बराच वेळ नुसता तिचा पंखा ऐकू आला.
"एवढं लांब कशाला?
आता लोक काही म्हणत नाहीत."

गोगटे गुरुजींना मुहूर्त विचारला.
म्हटलं, ऑकलंडहून मंगळवारी निघालं
की तिथं सोमवारी पोचतात.
गुरुजींनी पंचांगाचं पान उलटल्याचा आवाज आला,
मग पुन्हा तेच पान सुलटल्याचा.
"म्हणजे तिथीचा क्षय धरायचा की वृद्धी?"
वृद्धीच असेल, म्हटलं मी.
त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

बेटाचा फॉर्म विचारतो:
बी-बियाणं? धान्य? फुलं? कंदमुळं?
अक्षता म्हणजे धान्य, सुपारी म्हणजे बी,
हळकुंड तर जमिनीतूनच उपटलेलं.
अख्खं लग्न विमानतळावरच जप्त व्हायचं.
वहिनीला कळवलं, रुखवत नको.
ती रुसली. तिने लोकरीची केळी आधीच विणली होती, अर्धा डझन.
केळी चालतील, म्हटलं. लोकरीबद्दल फॉर्म गप्प आहे.

शेवटचा प्रश्न: बुटांना माती आहे का?

माझे बूट टूथब्रशने घासले.
मग त्याचे हातात घेतले.
खाचांमध्ये काळा, ओला चिखल, गवताची एक काडी.
दर रविवारी तो मोरागकडे जातो,
टेकडीवरच्या स्मशानात, पाऊस असला तरी,
आणि येताना दूध आणतो.
बराच वेळ ब्रश तसाच धरून बसले.
मग बूट होते तिथं दाराशी ठेवले
आणि यादीत लिहिलं:
नवे बूट, नऊ नंबर, त्याच्यासाठी.

संध्याकाळी अंतरपाटाची रंगीत तालीम.
टॉवेलाचं एक टोक केतकीने धरलं,
दुसरं फ्रिजच्या दारात अडकवलं
(तिथं माडाला बांधू).
"किती वेळ तू दिसायची नाहीस?" पलीकडून युअन.
अष्टकं संपेपर्यंत.
"आठही?"
पाचच म्हणू. ऊन असेल.
टॉवेलाखालून त्याचे मोजे दिसत होते,
एक निळा, एक काळा,
आणि केतकी "सावधान" म्हणताना
इतकी हसली की टोकच सुटलं.
तो तसाच उभा होता, डोळे घट्ट मिटून,
टॉवेल पडल्याचं त्याला कळलंच नव्हतं.
मी काही वेळ सांगितलं नाही.

यादीत आता बाकी आहे ते एवढंच: अक्षता.
रात्री दहाला तिथल्या दुकानात फोन लावला,
तिकडे भर दुपार, मागे कोंबडा आरवत होता.
तांदूळ मिळतो का?
मिळतो, बाई म्हणाली. किती माणसं आहात?
तीन.
मग एक किलो पुरे.
मूठभर पुरे, असं तोंडावर आलं होतं.
हो, किलोच ठेवा, म्हटलं,
उरलेल्याचा भात करू.