अठ्ठावीस पॉइंट

पहिलं भाषण लिहिलं ते चौदा पॉइंटात,
अमळनेरला, दगडी दरवाजाजवळच्या मुरलीच्या दुकानात बसून.
सूतगिरणीचं भूमिपूजन होतं.
आबांनी ते उभ्या उभ्या वाचलं, एकदाही न अडखळता,
आणि खाली उतरताना म्हणाले,
"पोरा, तुला माझा आवाज सापडला."
मला वाटलं, नोकरी लागली.

पुढच्या निवडणुकीला अठरा.
आबा चष्मा लावत नाहीत.
चष्म्यातला माणूस मतं मागताना
हिशेब तपासतोय असा दिसतो, हे त्यांचं मत.
मग बावीस.
मग पारोळ्याच्या सभेत 'गावोगावी सिंचन नेऊ'च्या जागी
त्यांनी 'गावोगावी सिंहासन नेऊ' वाचलं.
लोकांनी तरीही टाळ्या दिल्या.
त्या रात्रीपासून अठ्ठावीस.

अठ्ठावीस पॉइंटात एका पानावर सात ओळी मावतात.
म्हणून मी जोडाक्षरं सोडली,
'दुष्काळग्रस्त' सोडलं, 'पुनर्वसन' सोडलं,
'परंतु' तर केव्हाच,
परंतु आला की त्याच्यामागे आणखी एक पान येतं.
उरलं ते: पाणी. वीज. पोरं. माती.
लोक म्हणतात, आबा किती साधं बोलतात.
मोतीबिंदूला कोणी श्रेय देत नाही.

दिवसा मी जळगावच्या एमआयडीसीत,
एका पाईप कंपनीचा संवाद सल्लागार.
दारावर पाटी नाही,
व्हिजिटिंग कार्डावर मात्र बराच मोठा आहे मी.
चेअरमनसाहेबांचं दिवाळीचं पत्र माझं.
शेडला आग लागली त्या दिवशीचं निवेदन माझं,
त्यात आग हा शब्द नाही.
मार्चमध्ये तिसरी पाळी बंद करायची ठरली, तेव्हा
'व्यवसायाच्या पुनर्रचनेच्या अनुषंगाने'
हेही माझं.
इथे जोडाक्षरं चालतात.
एचआरच्या बाई म्हणाल्या, एका पानात बसवा.
बसवलं. नऊ पॉइंट.

झिपरूनाना आमच्याच गल्लीतले,
मशीनवर एकोणीस वर्षं,
डाव्या मनगटावर गरम पाईपाची गोल खूण.
रविवारी तो कागद घेऊन आले,
चार घड्यांचा, खिशातल्या घामानं मऊ झालेला.
"भाऊ, बारीक शे रे. तू वाच ना, तुले समजस."

वाचला.
माझंच वाक्य, माझ्याच ओट्यावर,
पहिल्यांदा मोठ्यानं.
स्वल्पविरामापाशी थांबलो, सवयीनं.
त्यांनी मान हलवली, सभेत हलवतात तशी,
आणि विचारलं, "पुनर्रचना म्हनजे काय?"

शोधलं मी अहिराणीत.
आईच्या बोलण्यात, बैलांना घातलेल्या हाकेत,
बोरीकाठच्या धुण्याच्या भांडणात.
नव्हता तो शब्द कुठे.
"काम नही शे आते, नाना."

इतकंच होतं. कोणत्याही पॉइंटात मावलं असतं.

ते रागावले नाहीत.
कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडत म्हणाले,
"कोन लिखस रे असं?"
मी म्हणालो, मुंबईहून येतं.
हेही मी चांगलंच बोललो असणार,
त्यांनी विश्वास ठेवला.

परवा आबांचा कामगार मेळावा आहे, कंपनीच्या गेटसमोर.
त्यांना त्या नोटिशीवर तुटून पडायचंय.
कंपनीला ते कळलंय, तिला त्याच संध्याकाळी खुलासा हवाय.
दोन्हींचा आगाऊ चेक आलाय.

मुरली कीबोर्डवर बसलाय, मी सांगतोय.
पहिली ओळ: असं कोण लिहितं?
"प्रश्नचिन्ह दिसेल ना आबांना?"
थोडं मोठं कर, म्हटलं.

बाहेर बाकावर झिपरूनाना आहेत, माझ्यानंतर त्यांचा नंबर.
चोपन्नाव्या वर्षी पहिला बायोडेटा टाइप करून हवाय.
शब्द तूच सांग, म्हणालेत.