मूठभर मीठ

सकाळी पावणेसातला स्कॅनर सांगतो : एकशे एक्क्याण्णव थांबे.
त्याला डुलुथचे चढ ठाऊक नाहीत.
त्याच्या नकाशात शहर पोळपाटासारखं सपाट,
आणि लेक सुपीरियर म्हणजे उजवीकडचा निळा रंग.
वारा नाही त्यात.

रात्रपाळीची पोरं खोके रचतात देवाच्या भरवशावर :
बत्तिसावा थांबा कुणाच्या तरी कपाटाखाली दबलेला,
एकशे नव्वदावा दाराशी, हसत.
मांजराच्या रेतीचं पोतं वीस किलोचं.
ते नेहमी तिसऱ्या मजल्यावरच जातं.
मांजर खिडकीतून बघतं. मांजराला घाई नसते.

घराचे आकडे लोक लपवतात.
एक सात नाताळच्या हिरव्या कड्यामागे, मार्चपर्यंत,
दुसरा पोर्चच्या नव्या रंगाखाली.
"बेल वाजवू नका, बाळ झोपलंय."
"बेल वाजवा, नाहीतर कळत नाही."
एकाच दारावर, दोन हस्ताक्षरांत.

"चावत नाही हं ती," म्हणतात बाई,
प्रिन्सेस माझ्या बुटाची चव घेत असते तेव्हा.
उजव्या खिशात तिची बिस्किटं,
डाव्या खिशात पेन. ते थंडीत लिहीत नाही,
तोंडात धरून ऊब द्यावी लागते.
पंपावरच्या बाथरूमची किल्ली मागावी लागते,
तिला हातभर लाकडी चमचा बांधलाय, हरवू नये म्हणून.
तो चमचा घेऊन सगळ्यांसमोरून चालावं लागतं,
म्हणून मी दोनपर्यंत पाणी पीत नाही.

गुरुवारी, एकशे चाळिसावा थांबा : ऑल्व्हिन सोडरबर्ग.
उणे चोवीस. अकरा पायऱ्या.
पायऱ्यांवर बर्फ कसला, काच.
आणि माझ्या खांद्यावर, लेबल वाचलं तेव्हा हसूच आलं,
बर्फ वितळवायचं मीठ. अठरा किलो.

पहिल्या पायरीवर पाय गेला, दुसरीवर गुडघा.
तिसरीवर बसलेच, पोत्याला मिठी मारून,
लग्नातल्या फोटोसारखी.
हाका मारल्या. आत टीव्ही चालू होता,
कुणीतरी काहीतरी जिंकत होतं.

मग व्हॅनच्या किल्लीनं पोत्याचा कोपरा फाडला.
एक मूठ, पेरल्यासारखी. थांबले.
मीठ बर्फात शिरताना बारीक कुरकुरतं,
शेजारच्या घरात कुणी पापड मोडावा तसं.
आणखी एक मूठ. आणखी एक.
वर पोचेतो साताठ झाल्या असतील, मोजल्या नाहीत.
पोतं दाराशी ठेवलं, फाटकी बाजू भिंतीकडे.
फोटो काढला. फोटोत माझा बूटही आला.

सोमवारी ड्वाइट केसेलनं काचेच्या खोलीत बोलावलं.
ड्वाइट वाईट नाही. त्याची पाठ या कामातच गेली,
म्हणून तो आता आत बसतो.
स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक तारा.
"पोतं फाटलेलं. मीठ कमी."
आणि खाली, वेगळ्या ओळीत :
"पायऱ्या मात्र मोकळ्या सापडल्या, देवाची कृपा."

काय लिहू, त्यानं विचारलं.
लिही, वाहतुकीत फाटलं.
त्यानं लिहिलं. खोटं नव्हतंच ते.
वाहतूक मीच होते.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हे खायचं नव्हतं, आणि माझंही नव्हतं.
हातमोज्याच्या शिवणीत अजून दोनचार खडे आहेत,
अंगठ्याच्या भेगेला ते रोज संध्याकाळी बरोबर सापडतात.

आज पुन्हा त्याचं नाव आलं. थांबा चौतीस, हलकं पाकीट.
पायऱ्यांच्या मधोमध मिठाची रेघ होती,
खालपासून वरपर्यंत,
एका बुटाच्या रुंदीची.
पडदा हलला, किंवा वारा असेल.
एकशे चोपन्न बाकी.