अर्धी गोळी

वारा हो म्हणेल त्या मंगळवारी
आमची बोट किल्काय बेटाला लागते.
चिलोएच्या नकाशात शोधाल तर
माशी टेकून उडून गेली असावी, एवढंच ते.
माणसं एकोणचाळीस. सव्वीस सत्तरीपल्याड.
माझ्या वहीत मात्र नावं अडतीस.

शाळा बंद पडली, तिच्या खोलीत आता आमचा दवाखाना.
फळ्यावर सातचा पाढा अजून पाचावर थांबलेला.

एदुविना चिग्वाय, वय एक्याऐंशी,
लोकरीच्या तीन थरांतून दंड काढून देते,
कणसाचा पाला सोलावा तसा.
एकशे ब्याऐंशी.
गेल्या खेपेला एकशे ऐंशी. त्याआधीही तेच.
"गोळ्या घेता ना?"
"घेते की."
"रोज?"
"रोज. देवाशपथ."
खोटं बोलणारं माणूस इतकं सरळ बघत नाही.

नवी डॉक्टरीण डोस वाढवून मोकळी झाली.
मी चढण चढले.
बावीस वर्षं दंडाला पट्टा गुंडाळतेय,
आकडा का चढतो
ते पुष्कळदा चुलीपाशीच कळतं.

चुलीवर बटाटे. दोरीवर मोजे,
मोठे, पुरुषी, टाचेला ठिगळ.
फळीवर बटणांचा डबा, त्यात गोळ्या,
एकूणएक सुरीनं मधोमध कापलेल्या.
मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली,
"भाऊ आहे. एका आईची आम्ही.
रक्त तेच, मग औषधही तेच चालायचं."

लिसांद्रो. पलीकडच्या खाडीत राहतो.
बोटीचा भोंगा वाजला की दाराला आतून कडी.
सहा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला
आम्हीच नेलं होतं, ह्याच बोटीनं, कास्त्रोच्या इस्पितळात.
जाताना म्हणाली होती, चुलीवरचं बघा.
त्यानं बघितलं.
ती आली नाही.

यंत्र पिशवीतच ठेवून
मी त्याच्या दाराबाहेरच्या ओंडक्यावर बसले.
बराच वेळ कुत्रंच काय ते बोलत होतं.
मग कडी सरकली.
येर्बाचा कडू काढा, एकाच नळीनं, आळीपाळीनं
(हे नियमात बसत नाही, कुठे सांगू नका).
बटाट्यावरच्या करप्याबद्दल बोललो.
मुलगा पुंता आरेनासला, फोन करतो,
पण तो लागायला टेकडी चढावी लागते
आणि गुडघे आता नाही म्हणतात.
बायकोचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही नाही.

शेवटी पिशवीकडे हनुवटी उडवून म्हणाला,
"आधी तुमचं मोजा."
मी बाही वर केली.
एकशे छप्पन्न.
शाळा तिसरीपर्यंतच, पण आकडे पक्के त्याचे.
"मग तुम्हाला कोण नेतं कास्त्रोला?"

उत्तर नव्हतं. खरंच नव्हतं.
तो हसला नाही, पण दंड पुढे केला.

संध्याकाळी धक्क्यावर एदुविना.
तिच्या हातात गोळ्यांच्या दोन डब्या दिल्या,
एकीवर तिचं नाव, एकीवर त्याचं.
तिनं दोन्ही कानाशी नेऊन हलवून पाहिल्या.
"सुरीला सुट्टी म्हणायची," ती म्हणाली,
आणि बटाट्यांचं पोतं बोटीत टाकलं,
नको म्हणायच्या आत.

बोट हलल्यावर वही उघडली.
एकोणचाळिसावं नाव लिहिलं, आकड्यासकट.
माझ्या आकड्याला रकाना नव्हता.
समासात लिहिला.